चार गोण्या राख

बोरस्ते काका माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आले ते दारात चपला काढून. मातीकामाच्या जागेत चपला काढून येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे लोक मुद्दाम जुनेपाने बूट शोधून घालून येतात. आत येऊन त्यांनी चाकांकडे पाहिलं, फळीवर सुकत ठेवलेल्या कपांकडे पाहिलं आणि मान जराशी तिरकी करून म्हणाले, "मॅडम, मला भांडी शिकायची नाहीत. मला झिलई शिकायची आहे."

"काका, आधी भांडं, मग झिलई," मी म्हणाले. "रंग द्यायला भिंत नको का?"

"भिंत तुमची वापरू की."

झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर. आम्ही स्टुडिओवाले तिला ग्लेझ म्हणतो आणि म्हणताना उगाच थोडे मोठे होतो. माझा स्टुडिओ गंगापूर रोडच्या पुढे, मळ्यांना लागून, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. रविवारी तिथं जी मंडळी शिकायला येतात त्यांना चाकावर बसायचं असतं, हात चिखलात घालून फोटो काढायचा असतो. ग्लेझचं नाव काढलं की त्यांना घरची कामं आठवतात. त्यामुळे साठी ओलांडलेला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला हा गृहस्थ थेट झिलई मागतोय म्हटल्यावर मी जरा सावध झाले. ते माझ्या बादल्यांपाशी गेले आणि एकीवर त्यांनी बोट ठेवलं.

"यात काय आहे?"

"निळं ग्लेझ."

"ते दिसतंय. आत काय काय घातलंय?"

"तयार पावडर येते. पाण्यात कालवायची."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"आणि उद्या त्यानं माल बदलला तर?"

मला राग आला, कारण आदल्याच वर्षी त्यानं माल बदलला होता आणि माझ्या कपांच्या अख्ख्या भट्टीवर फोड आले होते. ते मी काकांना सांगितलं नाही. पंधरा वर्षं हे काम करतेय, एवढंच सांगितलं. "हो, ते आहेच," असं म्हणून ते बाहेर गेले आणि छोट्या टेम्पोतून एकामागून एक चार गोण्या उतरवून त्यांनी माझ्या शेडच्या कोपऱ्यात लावून ठेवल्या. खताच्या जुन्या गोण्या, तोंडं सुतळीनं शिवलेली, प्रत्येकीला पुठ्ठ्याचं लेबल: एक, दोन, तीन, चार. आत राख होती, द्राक्षाच्या वेलांची.

काकांची सगळी नोकरी ओझरला, विमानाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट शोधायची आणि सापडली नाही तर आणखी नीट शोधायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं आणि निवृत्तीनंतर ते थांबवावं असं त्यांना कुणी सांगितलं नाही. शर्टाच्या खिशात दोन पेनं, निळं आणि लाल. गळ्यात दोरीला भिंग. राखेला हात लावण्याआधी तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे. "एवढीशी तर धूळ," असं कुणी म्हटलं की काका स्वतःच्या हातानं त्याला मास्क बांधत. स्टुडिओतल्या प्रत्येक डब्याला त्यांनी महिन्याभरात लेबल लावलं. एके दिवशी माझ्या चहाच्या कपावरही चिठ्ठी दिसली: "मॅडम. पिण्याचा. यात ब्रश बुडवू नये." मी त्यात ब्रश बुडवत असे हे खरं होतं.

त्यांची काही वाक्यं आम्हाला पाठ झाली होती. "एका वेळी एकच" हे पहिलं. झिलई बिघडली की आपण घाबरून चार गोष्टी बदलतो, आणि ती सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही. काका एकच गोष्ट बदलायचे, तीही चिमूटभर. "अंदाजपंचे करायचं तर घरी भजी तळा," हे दुसरं. आणि तिसरं माझ्या विद्यार्थिनींना चांगलंच लागायचं. भट्टी उघडल्यावर एखादी "काय सुंदर!" म्हणून ओरडली की काका भिंगातून मान वर न करता म्हणत, "सुंदर हे माप नाही."

भांडी त्यांना शेवटपर्यंत जमली नाहीत. माझ्याच आग्रहानं ते चाकावर बसले, पण भिंत पातळ करायची त्यांना भीती वाटायची. त्यांची वाटी रिकामी असली तरी हातात घेतल्यावर आत काहीतरी वाढलंय असं वाटे. मी चिडवलं की म्हणत, "विमान पडलं तरी फुटणार नाही, लिहून देतो."

झिलईचं मात्र त्यांनी शाळा मांडल्यासारखं केलं. अंगठ्याएवढ्या मातीच्या पट्ट्या करायच्या, वर भोक, मागे नंबर. प्रत्येक पट्टीवर वेगळं मिश्रण लावायचं आणि माझ्या छोट्या विजेच्या भट्टीत भाजायचं. चार जिन्नस: राख, फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड, गारगोटीची पूड आणि चिनी माती. "राख वितळवते, गारगोटी काच होते, माती तिला धरून ठेवते, आणि फेल्डस्पार तिघांची ओळख करून देतो," असं त्यांनी मला एकदा समजावलं. पंधरा वर्षांत मला हे कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं, याची मला खरोखर लाज वाटली. भाजलेल्या पट्ट्या ते तारेत ओवून घरी न्यायचे. मालतीकाकू, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "लोकांच्या दाराला तोरण असतं. आमच्या बाल्कनीत यांच्या चुका टांगल्यात."

पहिली खरी चूक मोठीच झाली. पट्टीवर छान दिसलेली झिलई त्यांनी उभ्या वाटीला लावली आणि ती भट्टीत गुळाच्या पाकासारखी ओघळून खालच्या फरशीला चिकटली. वाटी आणि फरशी एकजीव. मी म्हणाले जाऊ द्या, दुसरी फरशी आणू. काका दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन आले, चष्मा लावला आणि दोन दिवस बसून फरशी तासून साफ केली, मला हात लावू दिला नाही. वहीत लाल पेनानं नोंद केली: "दोष: राख जास्त, माती कमी. मूळ दोष: उतावळेपणा. जबाबदार: बोरस्ते."

दुसरी चूक त्यांची नव्हती. राख वापरण्याआधी भिजवून, निवळून, चाळून घ्यावी लागते. चार नंबरची गोणी त्यांनी त्यासाठी घरी गच्चीवर नेली होती. तिथं काकूंनी ती पाहिली आणि त्यांना आनंद झाला, कारण त्यांना गावाकडून आलेल्या मूग-मठाला कीड लागू नये म्हणून राख हवीच होती. अर्धीअधिक गोणी कडधान्याच्या डब्यांत गेली आणि उरलेलीतल्या बहुतेक राखेनं तांब्या-पितळेची भांडी लखलखीत झाली. काकांनी आरडाओरडा केला नाही. ते दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी काकू स्वतः स्टुडिओत आल्या आणि माझ्यापाशी बसून रडल्या. "मला काय माहीत हो, राखेचं एवढं असेल," म्हणाल्या. आणि मग त्यांनी ते सांगितलं जे काकांनी सांगितलं नव्हतं.

ती राख काकांच्या वडिलांनी लावलेल्या बागेची होती. पिंपळगावच्या अलीकडे त्यांचं गाव. वडिलांनी खडक फोडून, विहीर खणून बाग उभी केली आणि थोरल्यानं ती सांभाळावी अशी त्यांची इच्छा होती. थोरला ओझरला नोकरीला लागला. धाकटा भास्कर शेतात राहिला. "तुझा हात कधी लागला नाही या वेलांना," असं वडील काकांना शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि ते खरं होतं. बाग म्हातारी झाली. भास्कररावांनी ती काढून नवी लावायची ठरवली, वेल तोडले, ढीग रचून पेटवले. त्या दिवशी सगळं घर शेतात होतं. काका बाजूला उभे राहून बघत होते, तेव्हा भास्करराव चारचौघांत हसून म्हणाले, "दादा, तुझ्या वाटणीची राख घेऊन जा बरं का!" सगळे हसले. काका दुसऱ्या दिवशी चार रिकाम्या गोण्या घेऊन गेले आणि खरंच राख भरून घेऊन आले. बाकीची तोवर नांगराखाली गेली होती.

"यांना वाट्या करायच्यात," काकू म्हणाल्या. "त्या राखेच्या झिलईच्या. आणि भास्करभाऊंनी त्यात रोज जेवायला पाहिजे. शोकेसमध्ये ठेवायला नाही. जेवायला."

त्यानंतर मी काकांच्या कामाकडे निराळ्या नजरेनं बघू लागले. राख संपली की सगळंच संपणार होतं, आणि ती आता उरली होती अडीच-तीन गोण्या. धुऊन, चाळून तर तिची चौथाईच हाती लागते.

एक नंबरच्या गोणीनं नशीब उघडल्यासारखं केलं. माती वाढवत वाढवत काकांनी झिलई ओघळायची थांबवली, गारगोटी वाढवत तिच्यावरची बारीक तड्यांची जाळी घालवली, आणि मग एका सकाळी पट्टी बाहेर आली ती हिरवी. विकत आणलेला रंग नाही, काही नाही, नुसती राख आणि दगड, आणि हा हिरवा! मी तर नाचलेच. काका तर थांबायलाच तयार नव्हते. त्यांनी सगळी एक नंबरची राख कालवली, बारा वाट्यांना झिलई दिली, भाजली, आणि आयुष्यात प्रथमच तपासणी न करता माल पाठवला. वाट्या टेम्पोनं गावी गेल्या. काकांनी फोनवर सांगितलं, "भास्कर, बाबांची बाग पाठवलीय."

चार दिवसांनी भास्कररावांचा फोन आला. काका मला म्हणाले, "मॅडम, येता का? गाडी तुमची असेल तर लवकर पोचू." मी गेले.

पडवीत खाटेवर भास्करराव बसले होते. काकांपेक्षा सहा वर्षांनी लहान, उन्हानं रापलेले, आवाज मळ्याच्या पलीकडे जाईल असा. समोर हिरवी वाटी. आदल्या दिवशी त्यात मठाची आमटी वाढली होती, वर लिंबू पिळून फोड तशीच आत राहिली होती. सकाळी फोड उचलली तर तिच्याखाली फिकट चट्टा.

"दादा, आख्खी जिंदगी लोकांचा माल रिजेक्ट केला तू," भास्करराव म्हणाले. "आज तुझा झाला ना!"

काका वाटी घेऊन उजेडात गेले, भिंग लावलं. लिंबाच्या आंबटानं झिलईतला रंग सुटला होता. म्हणजे तो पोटात गेला असता. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला तिकडे बघवेना.

तेवढ्यात भास्कररावांच्या पत्नी, सुशीलाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती वाटी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाल्या, "दादा, मी कालपासून ह्यांना सांगू राहिले. हा रंग मी वळखते. हा आपल्या बोर्ड्याचा रंग हाय."

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना कालवून द्राक्षाच्या वेलांवर फवारायचं औषध. इकडच्या प्रत्येक बागेत ते असतं.

"बोर्डो कुठून येईल राखेत?" काका म्हणाले.

"या वाटीची राख कुठली?"

"ढिगाची."

"अहो, पण कोणत्या ढिगाची? औषधाच्या ड्रमापाशी काड्या जाळल्या व्हत्या, त्याची ना? उरलंसुरलं औषध आम्ही तिथंच ओतायचो. वीस वर्षं. तिथलं मातेरंबी निळं झालंय."

मोरचुदात तांबं असतं. हिरवा रंग वेलांचा नव्हता, फवारणीतल्या तांब्याचा होता. काका तिथंच पायरीवर बसले. भास्करराव हसणार होते, पण भावाकडे पाहून तेही थांबले.

परतताना गाडीतून काका ओझरचा कारखाना मागे पडेपर्यंत तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक पत्र्याला विचारलं, कुठून आलास? कागद दाखव. आणि या राखेला विचारलं नाही. लेबलावर नुसते आकडे घातले. का? तर घरची म्हणून."

मागच्या सीटवर बाराच्या बारा वाट्या होत्या. स्टुडिओत आल्यावर त्यांनी ड्रिल मागितलं आणि एकेका वाटीच्या बुडाला भोक पाडायला घेतलं. मी कळवळले. म्हणाले, "अहो काका, शोभेला तरी राहू द्या." ते म्हणाले, "आमच्यात नियम होता. रिजेक्ट पार्ट नुसता बाजूला ठेवायचा नाही. असा मोडायचा की कुणाला परत वापरताच येऊ नये. वाटी दिसली की कुणीतरी त्यात खाणारच." बारा भोकं पाडून झाली तेव्हा शेडभर पांढरी धूळ होती आणि मास्कच्या वर काकांचे डोळे लाल होते. ते धुळीनं झालेत असं आम्ही दोघांनी मान्य केलं.

मग तीन आठवडे ते आलेच नाहीत. मला वाटलं, संपलं. दोन नंबरची गोणी त्याच ड्रमाजवळची निघाली, तीही बाद. राहिली तीन नंबरची, आणि काकूंच्या मुगातून वाचलेली चारची ओंजळभर. त्या दोन्ही बुंध्यांच्या होत्या, बागेच्या मध्यातल्या, हे त्यांनी सुशीलाबाईंना दोनदा विचारून घेतलं होतं. त्या राखेची झिलई मात्र फिकट, पिवळसर, धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखी यायची.

चौथ्या सोमवारी काका दारात चपला काढताना दिसले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यावर लेबल: "काळी माती. पूर्वेचा बांध, तिसरी ओळ. वरची वीतभर बाजूला काढून खालची. फवारणी पोचलेली नाही. काढणार: सुशीला."

"काळ्या मातीत लोखंड असतं," ते म्हणाले. "लोखंड घातक नाही. बाबांच्या वेलाची राख, बाबांच्याच शेताची माती. बघू."

बघू म्हणजे पुन्हा पट्ट्या. शंभर भाग झिलईला दोन भाग माती, मग तीन, मग चार. वहीची पानं भरत गेली. पट्ट्या निघायच्या त्या फिक्या चहाच्या, मग दाट चहाच्या रंगाच्या. दहा भागांवर झिलई चांगली बसली: ओघळ नाही, जाळी नाही, लिंबाचा डाग नाही. फक्त रंग मळकट. काका म्हणाले, "चालेल. काम करते, बास." पण त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं त्यावरून चालणार नव्हतं हे मला कळलं.

मग मी तोंड उघडलं. म्हणाले, "काका, हीच झिलई माझ्या गॅसच्या मोठ्या भट्टीत लावून बघू. मध्येच हवा कमी करायची. आगीला हवा पुरली नाही की ती झिलईतल्या लोखंडाकडचा प्राणवायू ओढून घेते. मग तेच लोखंड तपकिरीचं हिरवं दिसतं."

काकांनी भिंग खाली ठेवलं. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि इतके दिवस बोलला नाहीत?"

"तुम्ही म्हणालात एका वेळी एकच. मी माझी पाळी यायची वाट बघत होते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना "मॅडम" जरा कमी चढ्या आवाजात म्हणू लागले.

राख एका बादलीपुरतीच उरली होती. एकदाच भट्टी लागणार होती. बिघडली तर काकांच्या वडिलांच्या बागेतलं काहीही उरणार नव्हतं. वाट्या काकांनी स्वतःच्या हाताच्या घेतल्या, त्या जाडजूड, जराशा वाकड्या. मी माझ्या पातळ वाट्या देऊ केल्या तर म्हणाले, "नको. भिंतही माझीच असू दे." पहाटे भट्टी पेटवली, दुपारी हवा कमी केली, चिमणीतून पिवळी जीभ बाहेर आली तेव्हा काका प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत बसलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी उघडली. दाराच्या विटांची पहिली ओळ काढली. वाट्या हिरव्या होत्या. तो पहिला भडक हिरवा नव्हे. बागेत मणी अजून टणक असतात, त्यांच्यातून ऊन आरपार दिसतं, तसा हिरवा. काठाशी झिलई पातळ झाली तिथं मातकट रेघ, आणि तळाशी साचली तिथं खोल पाण्यासारखी. एकही ओघळलेली नाही, एकही चिकटलेली नाही. काकांनी वाटी घेतली, भिंग लावलं, आत, बाहेर, बुडाशी, पुन्हा आत. शेडमधले रविवारचे सगळे विद्यार्थी भोवती गोळा झाले. बऱ्याच वेळानं ते मान वर करून म्हणाले, "मॅडम, सुंदर आहे."

शेडमध्ये अशा टाळ्या वाजल्या की पत्रा थरारला. काका लगेच म्हणाले, "आता तपासू."

आणि त्यांनी तपासलं. वाटी उकळत्या पाण्यातून बर्फात आणि बर्फातून उकळत्या पाण्यात, सात वेळा. लिंबाची फोड आठ दिवस. व्हिनेगर भरून आणखी आठ दिवस. एक वाटी त्यांनी प्रयोगशाळेत पाठवली. तिथून कागद आला तेव्हा लाल पेन हातात धरून त्यांनी तो तीनदा वाचला आणि पेन खिशात ठेवलं.

मग त्यांनी आणखी एक केलं, ज्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. ज्या सरांकडे मी शिकले ते ग्लेझची वही कुलपात ठेवत. पंधरा वर्षं मीही जे थोडंफार कळलं होतं ते झाकूनच वागले. काकांनी मोठ्या पुठ्ठ्यावर संपूर्ण कृती लिहिली, वजनं, चाळणी, भट्टीची वेळ, हवा कधी कमी केली ते, आणि खाली बाद झालेल्या बारा वाट्यांची हकीकतसुद्धा. तो पुठ्ठा त्यांनी माझ्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकला. मी म्हणाले, "राख तर संपली. आता हे कोण करणार?" ते म्हणाले, "हेच कुणी करू नये. कसं पोचायचं ते बघावं." मी तयार पावडरींच्या बादल्या त्याच महिन्यात काढून टाकल्या. माझा स्वतःचा निळा जमायला मला चार महिने लागले आणि माझ्या बाल्कनीतही चुकांचं तोरण लागलं, पण आज माझ्या स्टुडिओतल्या कुठल्याही बादलीवर बोट ठेवा, आत काय आहे ते मी सांगू शकते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका-काकू लेकीकडे बडोद्याला राहायला गेले. फोन होतात, पट्ट्यांचे फोटो येतात. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गावी, नव्या बागेत.

भास्कररावांनी नवी रोपं लावली होती, ती गुडघ्याएवढी झाली होती. शेडखाली पंगत बसली. काकांनी वाट्या स्वतः मांडल्या. भास्कररावांनी आपली वाटी उचलली, उलटी करून पाहिली, वजन घेतलं आणि पुढ्यात ठेवली. सुशीलाबाईंनी मठाची आमटी वाढली. भास्कररावांनी अख्खं लिंबू मागितलं, कापलं, दोन्ही फोडी पिळल्या आणि तशाच वाटीत टाकल्या. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. ते भाकरी कुस्करून सावकाश जेवले. दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदा घेतली. शेवटी फोडी बाजूला काढून बोटानं वाटी आतून पुसली आणि उन्हात धरली. कुठं काही नव्हतं. हिरवी, स्वच्छ, ओली.

शेजारच्या मळ्यातले दोघे-तिघे तोवर येऊन उभे होते. त्यांतल्या एकानं हात पुढे केला. "भास्करनाना, बघू द्या की आम्हालाबी."

भास्कररावांनी वाटी छातीशी घेतली. "असंच बघायचं," ते म्हणाले. "हातात नाय द्यायची. आमच्या बाची बाग हाय ती. दादानं केलीय."

पंगतीच्या टोकाला काका मान खाली घालून जेवत होते. कान लालबुंद झाले होते. अर्धी वाटी आमटी समोर असताना त्यांनी सुशीलाबाईंना हाक मारली आणि म्हणाले, "वाढ गं अजून, भर काठोकाठ."